खोली सरकारची, वस्ती माणसांची
(कामगारांच्या सरकारी वसाहतींचा शंभर वर्षांचा इतिहास आणि आपण)



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तीत वसाहतीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा आग्रह मंडळाच्या कार्यकर्त्यांनी धरला. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. गिरणीत तिन्ही पाळ्या करणारा कामगार आहे. वाचनालयात बसून, चार जाणत्या माणसांचं ऐकून जे हाती लागलं ते आपल्यापुढे ठेवतो आहे.

आपण सहज बोलून जातो की सरकारने घरं दिली, वसाहत झाली. पण घरं झाली म्हणजे वसाहत झाली का? नळ कुठे आहे, संडास किती आहेत, पोरांना शाळा किती लांब आहे, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला रस्ता आहे का, चार माणसं जमायची म्हटली तर जागा आहे का, या सगळ्याला मिळून वसाहत म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्वच्छ दिसते. खोली वरून मिळते. बाकीचं मात्र राहणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन, मागून, भांडून आणि पदरमोड करून उभं केलेलं असतं. ते कसं, हे आपल्या नव्या पिढीने समजून घ्यावं म्हणून हा लेखनप्रपंच.

प्लेग आला आणि चाळ आली

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मरू लागली, हजारो लोक शहर सोडून गावाकडे पळाले. गिरण्या ओस पडायची वेळ आली तेव्हा सरकारला जाग आली, की कामगार ज्या अंधाऱ्या, कोंदट घरांत राहतात तिथेच रोग माजतो. मग १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि कामगारांसाठी चाळी बांधायच्या, हे त्याचं काम. या चाळींना लोक बी.आय.टी. चाळी म्हणू लागले. १९३३ साली हा ट्रस्ट मुंबई महापालिकेत विलीन झाला आणि चाळी पालिकेच्या झाल्या.

यातलीच एक चाळ परळला पोयबावाडीत आहे. तिथल्या पहिल्या नंबरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या समोरासमोरच्या खोल्यांमध्ये बाबासाहेब आंबेडकर राहत होते. थोडेथोडके दिवस नव्हे, वीस वर्षांहून जास्त काळ. एका खोलीत संसार आणि दुसऱ्या खोलीत पुस्तकं. पाण्याचा नळ आणि संडास सगळ्यांना मिळून. आजूबाजूला गिरणी कामगारांचा गलबला. छत्रपती शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला याच चाळीत आले होते. राजगृह बांधून होईपर्यंत जगातला हा मोठा विद्वान सरकारी चाळीतला भाडेकरू होता. आपली पोरं कधी कधी चाळीत राहतो हे सांगायला लाजतात, त्यांना हे जरूर सांगावं.

लंडनहून परत आल्यावर बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिची कचेरी होती परळच्या दामोदर हॉलमध्ये, म्हणजे चाळीच्या शेजारीच. या सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं, मुंबईत मोफत वाचनालय चालवलं, आणि तरुण पोरं वाईट नादाला लागू नयेत म्हणून हॉकी क्लबसुद्धा काढला. हॉकी क्लब, बरं का! सभा-संमेलनं आपल्याला माहीत असतात. पण वस्तीतल्या पोरांना संध्याकाळी करायला काहीतरी चांगलं हवं, हा विचारही त्या चळवळीत पहिल्यापासून होता.

एक लंडनमध्ये, एक वरळीत

१९२० साली बाबासाहेब पुढच्या शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. लढून आलेल्या शिपायांना आणि कामगारांना चांगली घरं द्या, असा रेटा इंग्लंडात होता. १९१९ साली तिथे गृहनिर्माणाचा कायदा झाला आणि घरं बांधायची जबाबदारी नगरपालिकांवर आली. लंडनच्या कौंटी कौन्सिलने शहराबाहेर पूर्वेला बेकनट्री नावाची वसाहत १९२१ साली बांधायला घेतली. ती १९३५ पर्यंत चालली आणि पंचवीस हजारांवर घरं झाली. प्रत्येक घराला स्वतःचा संडास, न्हाणीघर आणि पुढे-मागे बाग. झोपडपट्टीतून आलेल्या माणसाला तो स्वर्गच वाटला असेल.

पण सुरुवातीची वर्षं तिथल्या लोकांनी कशी काढली? दुकानं कमी, शाळा अपुऱ्या, दवाखाना लांब, आणि कामाला जायचं तर परत लंडनला. घर सुंदर, पण जीव रमेना. पुढे १९३१ साली जवळच डॅगनहॅमला फोर्ड कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, तेव्हा कुठे जवळपास रोजगाराची सोय होऊ लागली.

त्याच वर्षांत मुंबईत काय चाललं होतं? गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्याची आद्याक्षरं म्हणजे बी.डी.डी. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फुटांची. संडास सामाईक. तिकडे बाग आणि न्हाणीघर, इकडे १६० फूट आणि रांग. गोऱ्या कामगारासाठी एक माप आणि काळ्या कामगारासाठी दुसरं माप, दुसरं काय!

रिकाम्या चाळी, भरलेला तुरुंग

आता खरी गंमत ऐका. इतकी घरं बांधली, मुंबईत कामगाराला राहायला जागा नव्हती, तरीसुद्धा वरळीच्या चाळी वर्षानुवर्षं बऱ्याचशा रिकाम्या पडून राहिल्या! वरळी तेव्हा शहराच्या कडेला होती. गिरणीपासून लांब. भाडं कामगाराला परवडत नव्हतं. जवळ बाजारहाट नाही, जायला-यायला साधन नाही. सिमेंटच्या खोल्यांत उजेड-वारा पुरेसा नाही. माणसं परळ-लालबागच्या जुन्या चाळीत दाटीवाटीने राहिली, पण वरळीला जाईनात. शेवटी १९३० नंतर कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रही पकडले गेले तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेली घरं कैद्यांच्या उपयोगी आली.

या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. घर बांधणाऱ्या साहेबाने खोल्या मोजल्या, पण खोलीत राहणारा माणूस दिवसभर कसा जगतो हे पाहिलं नाही. बाईने दळण कुठून आणायचं, रात्रपाळीचा माणूस घरी कसा यायचा, आजारी पोराला घेऊन आईने कुठे धावायचं, हे त्याच्या नकाशात नव्हतं.

पुढे चाळी भरल्या. सातारा, रत्नागिरी, पुणे आणि आपला नगर जिल्हा, इथून माणसं येत राहिली. आपल्याकडे पावसाचा भरवसा नाही. दुष्काळ पडला की मुंबईची वाट धरायची, ही आपल्या वाडवडिलांची रीतच झाली होती. गावकुसाबाहेरच्या माणसाला तर मुंबईची ओढ दुहेरी, पोटाची आणि मानाची. एकेका गावाची माणसं मिळून एक खोली घ्यायची. तिथे पाळीपाळीने झोपायचं. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. नवीन आलेल्या पोराची पहिली रात्र गावाच्या खोलीवरच जायची.

माझे थोरले चुलते वरळीला होते. लहानपणी सुट्टीत मी तिथे राहिलेलो आहे. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी बादल्यांची रांग लागलेली असायची. रात्री पुरुषमंडळी गॅलरीत अंथरूण टाकायची. कुणाच्या घरी मयत झाली तर अख्ख्या मजल्यावर चूल पेटत नसे, आणि शेजारच्या मजल्यावरून पिठलं-भाकरी यायची. ही सोय कुठल्याही सरकारी योजनेत लिहिलेली नव्हती.

मैदान, वाचनालय आणि ललित कला भवन

चाळीतल्या माणसांनी हळूहळू वसाहत घडवली. व्यायामशाळा, भजनी मंडळं, भिशी, वाचनालयं, पोरांच्या अभ्यासाच्या जागा सुरू झाल्या. सरकारनेही १९३९ पासून कामगार कल्याण केंद्रं सुरू केली. १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा झाला आणि कल्याण मंडळ स्थापन झालं. त्याची ललित कला भवनं चाळींच्या भागात चालली. शिवणकाम, नाटक, कुस्ती, वाचन यांना तिथे जागा मिळाली. कामगाराला नुसती भाकरी पुरत नाही, हे सरकारच्या गळी उतरवायला कामगार चळवळीला इतकी वर्षं लागली.

मैदानाची गोष्ट तर वेगळीच. १६० फुटांच्या खोलीत दहा माणसं बसली की अकरावा दारात उभा. सभा घ्यायची कुठे? म्हणून मैदान ही कामगाराची बैठकीची खोली झाली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्यात पुढे होता आणि कम्युनिस्ट कामगार संघटना बरोबर होत्या. त्या दिवशी परळच्या कामगार मैदानावर माणसांचा समुद्र लोटला होता. ते मैदान नसतं तर ती एकजूट डोळ्यांनी दिसली असती का?

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर चाळीचाळीत बुद्धवंदना सुरू झाली, भीमजयंतीला मैदानं निळी होऊ लागली. पण एकाच वसाहतीत राहूनही जात सुटली नव्हती. बौद्धांच्या चाळी एका अंगाला आणि इतरांच्या दुसऱ्या अंगाला, अशी वाटणी बरीचशी होती. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा होती. मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक पँथरने दिली होती. सभेवर दगडफेक झाली आणि दंगल पेटली. पोलिसांच्या गोळीबारात रमेश देवरुखकर हा तरुण गेला. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा निघाला, त्यावर वरून दगडी पाटा टाकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाले. सरकारला न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. बंधूंनो, त्या मैदानाच्या मातीला अशी किंमत मोजलेली आहे. मोकळी जागा म्हणजे फुकटची जागा नव्हे, हे विसरू नये.

एक ओळ बदलली आणि काय झालं

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या. कित्येक माणसं नगर, सातारा, कोकणात परतली. आपल्या भागातही अशी घरं आहेत, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा.

मागे राहिल्या त्या जमिनी. मुंबईत गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियमावलीत असं ठरलं होतं की गिरणीची जागा विकसित करायची असेल तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मैदान-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, तर फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची, असा त्याचा अर्थ झाला. गिरणीची जागा तर बहुतेक इमारतींनीच भरलेली! मग वाटून देणार काय? लोक कोर्टात गेले, पण २००६ साली सुप्रीम कोर्टाने ही दुरुस्ती कायम ठेवली. नियमातल्या एका ओळीने कामगारांची घरं आणि शहराची मैदानं आटून गेली. मोर्चा काढणं आपल्याला येतं. पण असा कागद वेळेवर वाचणं हीसुद्धा चळवळच आहे, हे यातून शिकायचं.

बी.डी.डी. चाळींचं पुढे काय झालं तेही सांगतो. शंभरीला आलेल्या या चाळींच्या पुनर्विकासाचं काम म्हाडाकडे आलं. एप्रिल २०१७ मध्ये वरळीला भूमिपूजन झालं. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर, टोलेजंग इमारत, लिफ्ट, घरातच संडास. ज्या आयाबायांनी आयुष्यभर बादली घेऊन रांग लावली त्यांना ते घर मिळालं, याचा आनंदच मानला पाहिजे. जुन्या चाळीचे गोडवे गाऊन रांगेतलं जिणं चांगलं होतं असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु त्या उंच इमारतीत गॅलरी नाही. सभेची जागा, अभ्यासिका, विहार, पोरांचं मैदान यांची काळजी आता तिथल्या माणसांनाच वाहायची आहे. दार लावून घेतलं की शेजार संपतो.

आता आपल्या नगरकडे वळू

आपलं शहर जुनं. १४९० साली अहमद निजामशहाने वसवलं. निजामशाहीत डोंगराकडच्या विहिरींतून मातीच्या खापरी नळांनी शहरात पाणी खेळवलं होतं, त्याचं कौतुक आजही होतं. पण ते पाणी वाड्यांना, महालांना आणि बागांना. गावकुसाबाहेरच्या माणसाची घागर कोण भरणार? नगरपालिका १८५४ साली झाली, महापालिका २००३ साली, आणि २०२४ साली जिल्ह्याचं-शहराचं नाव अहिल्यानगर झालं. नावं बदलली, पण नळाची गोष्ट मात्र चालूच राहिली.

आज शहराला पाणी येतं ते राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून. मुळानगरला उपसायचं, विळदला आणायचं, तिथून वसंत टेकडीवर चढवायचं आणि मग शहरात सोडायचं. सावेडीतल्या पाइपलाइन रोडला ते नाव पडलं ते या पाण्याच्या नळावरूनच. मध्ये कुठे नळ फुटला किंवा पंपाची वीज गेली की आपल्या बायकांच्या झोपेचं खोबरं. सावेडी, केडगाव, बोल्हेगाव, नागापूर ही उपनगरं गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत वाढली. औद्योगिक वसाहतीत काम मिळालं म्हणून खेड्यातून आलेला माणूस इथे स्थिरावला. कुणी म्हाडाच्या घरात, कुणी मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीत, कुणी गुंठा-दोन गुंठे घेऊन. घर आधी झालं. गटार, दिवा, रस्ता, शाळा, दवाखाना मागाहून. बेकनट्रीला झालं, वरळीला झालं, तेच इथे.

मग आपण काय करायचं? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, आपल्या वसाहतीचा मंजूर नकाशा प्रत्येक मंडळाकडे असला पाहिजे. मोठ्या ले-आऊटमध्ये साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती कुठे आहे, किती आहे, तिच्यावर कुणी टपरी किंवा शेड टाकली आहे का, हे आपल्याला तोंडपाठ पाहिजे.

दुसरी गोष्ट, शहराच्या विकास आराखड्यात शाळा, दवाखाना, बाग यांची आरक्षणं असतात. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडून जातं. म्हणजे आपण झोपलो की आपल्या पोरांची शाळा कागदावरून पुसली जाते, आणि कुणाला आवाजही येत नाही. नगरसेवक कुठल्या पक्षाचा, हा प्रश्न नंतर. आधी आरक्षणाची तारीख विचारा.

तिसरी गोष्ट विहाराची. आपलं विहार रविवारी सकाळी वंदनेला उघडतं आणि उरलेला आठवडा कुलूप, असं होता कामा नये. संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुलांना तिथे अभ्यासाला दिवा मिळावा. आयाबायांना रेशनकार्डाचा, पेन्शनचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारा एक तरुण तिथे बसावा. कपाटात चार पुस्तकं असावीत आणि ती बाहेर निघावीत. मुलींना संध्याकाळी निर्धास्तपणे येता-जाता यावं म्हणून वाटेवर दिवा असावा. हे सगळं करायला फार पैसा लागत नाही, पाळी लावून घेणारी माणसं लागतात. गिरणीत पाळी चुकली तर साचा बंद पडतो, वसाहतीचंही तसंच आहे.

बाबासाहेबांनी चाळीतल्या खोलीत राहून वाचनालय काढलं, वसतिगृह काढलं, हॉकीचा संघ काढला. आपल्याला आज त्यांच्यापेक्षा मोठी घरं आहेत. घराचा उंबरठा ओलांडून बाहेरच्या चार हात जागेची जबाबदारी आपण घेतो का, एवढाच प्रश्न आहे. पुढच्या वर्धापन दिनाच्या आत आपल्या वसाहतीचा नकाशा विहाराच्या भिंतीवर लागावा आणि त्यात मोकळी जागा कोणती ते शाळेतल्या पोरालासुद्धा बोट ठेवून दाखवता यावं, एवढी अपेक्षा ठेवून लेखणी थांबवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!